निळ्या पट्टीची गोष्ट

तर झालं असं, की गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ऑफिसमधले आम्ही पाच जण सिंहगडावर गेलो होतो. चढताना काही झालं नाही. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, सगळं यथासांग पार पडलं. उतरताना मात्र एका सुट्या दगडावरून माझा उजवा पाय आतल्या बाजूला वळला आणि 'कट्' असा आवाज आला. असा काही आवाज आलाच नाही, असं बाकीचे चौघं अजूनही म्हणतात. असो. ज्याचा पाय त्याचा आवाज.

खाली येईपर्यंत घोट्याचा टेनिस बॉल झाला होता. डॉक्टरांनी हाडावर तीन-चार ठिकाणी दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चार पावलं चालून दाखवा." मला वाटलं, माझी गंमत करतायत. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही खरोखरची चाचणी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे नियम मांडले. ठरावीक जागी दाबल्यावर हाड दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी, एक्स-रेचा खर्च वाचतो. मी डोळ्यांत पाणी आणून का होईना, चार पावलं टाकली. हाड शाबूत, लिगामेंट दुखावलेलं.

सूज जरा उतरल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. आमच्या सोसायटीजवळच त्यांचं क्लिनिक आहे. त्यांनी ड्रॉवरमधून भडक निळ्या रंगाचा रोल काढला, पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीचे कोपरे कात्रीने गोल केले (चौकोनी कोपरे कपड्यात अडकून सुटतात म्हणे), घोट्याभोवती लावल्या आणि वरून तळहाताने चांगलं घासलं. गोंदाला ऊब मिळाली की तो नीट धरतो. मी उठून उभा राहिलो आणि चक्क बरं वाटलं! आरशात पाहिलं तर पाय एकदम ऑलिंपिकवाल्यासारखा दिसत होता.

निघताना त्यांनी एक कागदही दिला. त्यावर लिहिलं होतं: एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, दिवसातून तीन वेळा. मी तो कागद घडी घालून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला. पुढचे दोन महिने तो तिथेच होता.

टेप मात्र मी मनापासून धरली. ऑनलाइन तीन रोल मागवले. कशी लावायची याचे व्हिडिओ पाहिले. घोटा झाला, मग माउसमुळे दुखणारा खांदा झाला, मग कंबर. माझं बघून बाबांनीही गुडघ्याला लावून घेतली. बाबा एकाहत्तर वर्षांचे. गुडघेदुखीमुळे त्यांचं सकाळी टेकडीवर जाणं वर्षभर बंद पडलं होतं. टेप लावल्यावर चौथ्या दिवशी ते काठी न घेता टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. घरात टेपची कीर्ती झाली.

आणि मग डिसेंबरात ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटमध्ये, घोट्याला व्यवस्थित निळी टेप लावलेली असताना, दुसरी धाव घ्यायला वळलो आणि तोच पाय, त्याच बाजूला, परत गेला. या वेळी लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. सहा आठवडे.

सहा आठवडे घरी बसलेला इंजिनियर काय करणार? बग कुठून आला ते शोधणार. मी टेपचा इतिहास वाचायला घेतला. प्रश्न सोपा होता. या पट्टीने मला फसवलं, की मीच स्वतःला फसवलं? आणि दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. पहिल्याचं उत्तर मिळालं, तर बाबांना काय सांगायचं?

*

आमच्या लहानपणी पाय मुरगळला की आजी आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप द्यायची, वरून जुन्या नऊवारीची फाडलेली पट्टी घट्ट आवळायची आणि पाय उशीवर ठेवून म्हणायची, "हलू नकोस आता." बांधणं आणि न हलणं. जगात बहुतेक ठिकाणच्या आज्या हेच करत असाव्यात.

चिकटणाऱ्या पट्टीची गोष्ट मात्र अमेरिकेत सुरू होते. १८४५ साली होरेस डे आणि विल्यम शेकट या दोघांनी रबर विरघळवून कापडावर लावायच्या चिकट प्लास्टरचं पेटंट घेतलं. चिकटायचं भरपूर, पण कातडी लाल व्हायची. १८९९ साली जॉन्सन अँड जॉन्सनने त्यात झिंक ऑक्साइड घातलेलं प्लास्टर बाजारात आणलं, त्याने खाज कमी झाली. दवाखान्यात मिळणारी ती पांढरी, न ताणली जाणारी, केसांसकट निघणारी चिकटपट्टी याच घराण्यातली.

या दोन सालांच्या मध्ये न्यूयॉर्कला व्हर्जिल गिबनी नावाचे अस्थिशल्यविशारद होते. १८९५ साली त्यांनी मुरगळलेल्या घोट्यावर एक लेख लिहिला. चिकट पट्ट्या टोपलीच्या विणीसारख्या, एक उभी एक आडवी, अशा घोट्यावर गुंफायच्या. खेळाडूंच्या पायाला पांढरी टेप बांधणारे लोक आजही या पद्धतीला 'बास्केटवीव्ह' म्हणतात. पण मला थांबवलं ते लेखाच्या नावाने. त्या लांबलचक नावातच त्यांनी सांगून टाकलं होतं की या उपचारात वेळ वाया जात नाही, कुबड्या लागत नाहीत आणि पायाचं काम बंद पडत नाही.

म्हणजे बघा, मी समजत होतो की जुनी पट्टी पाय जखडायला आणि नवी पट्टी पाय हलवायला. पण गिबनीसुद्धा पट्टी बांधत होते ते पेशंटने चालावं म्हणूनच! आजीच्या 'हलू नकोस'ला दिलेलं ते पहिलं उत्तर होतं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं.

दुर्दैवाने सगळ्यांनी त्यातली पट्टी घेतली आणि चालणं सोडून दिलं. १९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरने आपल्या पुस्तकात 'राइस' हा मंत्र दिला: विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तयार झालेला हा शब्द जगभरच्या मैदानांवर पाठ झाला. २०१४ साली त्याच मिर्किन यांनी लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं उलट लांबूही शकतं. आपलाच पस्तीस-छत्तीस वर्षं जुना कोड स्वतः दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल मला भारी आदर वाटतो. त्याआधी २०१२ साली ब्रिटिश संशोधकांनी त्या मंत्रातून विश्रांती काढून तिथे 'योग्य तेवढा भार' घातला होता. नव्या आद्याक्षरांचा शब्द झाला 'पोलीस'. मुरगळलेल्या पायाला पोलीस बोलवा, असा तो विनोद.

पांढऱ्या पट्टीचं अजून एक कोडं आहे. १९६२ साली अमेरिकेत रॅरिक आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं की घोट्याला बांधलेली पट्टी दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामानंतर किती आधार देते. सुरुवातीच्या आधारातला सुमारे ४० टक्के गेलेला असायचा. दहा मिनिटांत! आणि तरीही १९७३ साली गॅरिक आणि रेक्वा यांनी कॉलेजातल्या बास्केटबॉल खेळाडूंवर दोन हंगाम लक्ष ठेवलं, तेव्हा पट्टी बांधणाऱ्यांचे घोटे कमी मुरगळले. ढिली झालेली पट्टी काम कशी करते? हे कोडं लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

*

आता जपान.

केन्झो कासे हे टोकियोत काम करणारे कायरोप्रॅक्टर. शिक्षण अमेरिकेत, शिकागोजवळच्या नॅशनल कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टिकमध्ये. १९७० च्या दशकात त्यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो आमच्या फिजिओबाईंपुढेही रोज असतो. पेशंट टेबलावर असेपर्यंत त्याला बरं वाटतं. हात फिरतोय, स्नायू मोकळे होतायत. घरी गेला की दोन दिवसांत दुखणं परत. मग हाताचा स्पर्श पेशंटबरोबर घरी कसा पाठवायचा?

पांढरी पट्टी त्यांना पटेना. ती सांधा आवळते, हालचाल अडवते, कातडीला त्रास देते. त्यांना हवी होती कातडीसारखी पट्टी, जी अंगाबरोबर ताणली जाईल आणि अंगाबरोबर मागे येईल. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर दशकाच्या शेवटी ती तयार झाली. नाव किनेसिओ टेप.

इंजिनियर म्हणून सांगतो, वस्तू सुंदर आहे. सुती कापड, त्यात लवचिक धागे. लांबीत ताणली जाते, रुंदीत नाही. मूळ लांबीच्या साधारण १४० टक्क्यांपर्यंत जाते. मागच्या कागदावर चिकटवतानाच ती थोडी ताणलेली असते, म्हणजे काही न करता नुसती लावली तरी हलका ओढा देते. गोंद ॲक्रिलिकचा, आणि तो सलग नाही तर लाटांच्या नक्षीत, त्यामुळे मधल्या फटींतून घाम आणि हवा जाते. अंघोळ केली तरी तीन ते पाच दिवस टिकते. रोल साधारण पाच सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब.

आणि तिच्यात औषध काहीही नाही. हे मला विशेष वाटलं. जपान हा औषधी पट्ट्यांचा देश, तिथे सॅलोनपास १९३४ पासून विकली जातेय. आपल्याकडे १८९३ साली मुंबईत जन्मलेलं अमृतांजन आहे, आणि कंबरेला बेलाडोना प्लास्टर लावणारे काका प्रत्येक वाड्यात एक तरी असायचे. या सगळ्यांत काहीतरी झोंबतं, तापतं, वास येतो. कासेंच्या पट्टीत नुसता ओढा आहे.

त्यांचं म्हणणं असं होतं की ताणून लावलेली पट्टी मागे येताना कातडीला बारीक सुरकुत्या पाडते, कातडी किंचित उचलली जाते, खाली जागा होते, रक्त आणि लसिका नीट वाहतात, वेदनेच्या नसांवरचा दाब उतरतो. शिवाय एका दिशेने लावली तर स्नायूला जोर, उलट दिशेने लावली तर आराम. (रंगांचं विचाराल, तर निळी, काळी, गुलाबी, काम सगळ्यांचं एकच. मी उगाच निळीसाठी पन्नास रुपये जास्त दिले होते.)

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानी व्हॉलीबॉलपटूंच्या अंगावर ही पट्टी दिसली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ती अमेरिकेत पोचली. पण खरी उडी २००८ ची. बीजिंग ऑलिंपिकसाठी कंपनीने ५८ देशांना ५०,००० रोल फुकट वाटले. आणि बीच व्हॉलीबॉलमध्ये केरी वॉल्श या अमेरिकन खेळाडूच्या उजव्या खांद्यावर काळ्या पट्ट्यांची कोळ्यासारखी नक्षी सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली. आदल्या वर्षी तिच्या त्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती. २१ ऑगस्टला भर पावसात तिने आणि मिस्टी मे-ट्रेनर हिने सुवर्णपदक जिंकलं. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागले, ती खांद्यावरची वस्तू काय आहे?

चार वर्षांनी, २८ जून २०१२ ला, वॉर्सामध्ये युरो चषकाच्या उपांत्य सामन्यात इटलीच्या मारिओ बालोटेलीने जर्मनीविरुद्ध दुसरा गोल केला, शर्ट काढला आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. त्या प्रसिद्ध फोटोत पाठीवर निळ्या पट्ट्या आहेत. याहून चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

आज आपल्याकडे मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून बघा. दर दहा पोटऱ्यांमागे एखादी तरी रंगीत सापडतेच.

*

आता आपल्या धंद्यातली गोष्ट.

समजा एक फीचर रिलीज केलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रारी कमी झाल्या. फीचरमुळे झाल्या का? सांगता येत नाही. कदाचित सुट्टी असेल. म्हणून आपण ए-बी टेस्ट करतो. निम्म्या लोकांना खरं फीचर, निम्म्यांना नाही, आणि कोण कुठल्या गटात ते कुणालाच माहीत नाही.

दुखण्यात तर हा घोळ जास्तच. आपण टेप कधी लावतो? दुखणं सगळ्यात जास्त असतं त्या दिवशी. आता सगळ्यात वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा बराच असतो, टेप लावा किंवा न लावा. सर्व्हर आपोआप वर येणारच होता, आपण फक्त त्याच वेळी रिस्टार्टचं बटण दाबलं.

टेपची ए-बी टेस्ट म्हणजे खरी टेप आणि खोटी टेप. खोटी म्हणजे तीच पट्टी, पण ताण न देता किंवा भलत्या दिशेने लावलेली. २००८ साली अमेरिकेत खांदेदुखीच्या ४२ कॉलेज विद्यार्थ्यांवर अशी चाचणी झाली. खऱ्या टेपवाल्यांना लावल्या लावल्या हात सुमारे १७ अंश जास्त वर नेता आला, न दुखता. वा! पण पुढच्या दिवसांत दोन्ही गट सारखेच झाले.

ब्राझीलमध्ये २०१४ साली जुनाट कंबरदुखीच्या १४८ पेशंटांवर सरळ मूळ सिद्धान्तच तपासला गेला. एका गटाला सुरकुत्या पडतील अशी ताणून लावलेली टेप, दुसऱ्याला सुरकुत्या न पडतील अशी. चार आठवड्यांनी फरक शून्य. दोन्ही गटांना बरं वाटलं होतं, सारखंच. म्हणजे त्या सुरकुत्यांचं काही चालत नव्हतं.

मला सगळ्यात आवडला तो हाँगकाँगचा २०१५ चा प्रयोग. त्यांनी ज्यांना ही टेप म्हणजे काय हेच माहीत नाही असे ३० धडधाकट लोक शोधले आणि त्यांना सांगितलं की मांडीला आम्ही स्नायूंचे सेन्सर चिकटवतोय. म्हणजे 'हिने ताकद वाढते' ही अपेक्षाच काढून टाकली. मग एकदा खरी टेप, एकदा खोटी, एकदा काहीच नाही, आणि प्रत्येक वेळी मांडीचा जोर मोजला. तिन्ही वेळा सारखाच. टेपमधून विश्वास वजा केला की जोराच्या बाजूला काही उरत नव्हतं.

२०२१ साली कोक्रेन या संस्थेने खांद्याच्या दुखण्यावरच्या २३ चाचण्या, एकूण १०५४ लोक, एकत्र तपासले. त्यात टेपच्या बाजूने भरवसा ठेवावा असा पुरावा निघाला नाही. अमेरिकेत तर एका टेप कंपनीवर ग्राहकांनी दावाच ठोकला होता, आणि कंपनीने १७.५ लाख डॉलर देऊन आणि खोक्यावरचा मजकूर बदलून तो मिटवला.

आणि माझा घोटा? त्याचंही उत्तर २००४ पासून छापून तयार होतं. ३० निरोगी लोकांना डोळे झाकून घोट्याचा कोन ओळखायला लावला, टेपसकट आणि टेपशिवाय. फरक पडला नाही. मी तीन रोल मागवले त्याच्या कितीतरी आधी ही माहिती उपलब्ध होती. डॉक्युमेंटेशन न वाचता प्रॉडक्शनला टाकलं, दुसरं काय.

*

मग टेपने बरं वाटतं ते सगळं खोटंच का? तर तसंही नाही.

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा 'फाटक' सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं, आणि स्पर्शाचे संदेश भरपूर आले की ते थोडं लोटलं जातं. कोपर आपटलं की आपण नकळत चोळतो, ते याचसाठी. पुढे या सिद्धान्ताच्या तपशिलात बरेच बदल झाले, पण स्पर्शाने वेदना दबते हा गाभा टिकला. चिकटलेली, हलताना ओढणारी पट्टी म्हणजे दिवसभर पाठीवर ठेवलेला हात. थोडा वेळ, थोडंसं बरं वाटायला तेवढं पुरत असेल. ब्राझीलच्या दोन्ही गटांत पट्टी होतीच की, कातडीला स्पर्श दोघांनाही होता.

आणि योगायोग बघा, त्याच १९६५ साली ब्रिटनमध्ये मायकेल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी घोट्यावर एक निबंध छापला. (हे फ्रीमन पुढे कृत्रिम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव झाले.) त्यांना प्रश्न पडला होता की एकदा मुरगळलेला पाय परत परत का मुरगळतो. लिगामेंट तर भरून येतं. त्यांचं उत्तर असं होतं, की लिगामेंट हा नुसता दोर नाही, त्यात बारीक नसा असतात आणि पाय कुठल्या कोनात आहे ते त्या कळवत असतात. दोर ताणला गेला की या ताराही तुटतात. मग दगडावर पाय पडतो, वळायला लागतो, आणि खबर उशिरा पोचते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पेशंटांना डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळायला लावलं. ज्यांनी ते केलं, त्यांच्यात पाय 'दगा देण्याच्या' तक्रारी बऱ्याच कमी राहिल्या.

मघाचं ढिल्या पट्टीचं कोडं आठवतंय? पांढरी पट्टी दहा मिनिटांत सैल होऊनही वाचवत असेल, तर तिचं काम नुसता दोर होण्याचं नसावं. कातडीवर काहीतरी आहे, जपून, असं ती आठवण करून देत असावी. हा अनुभवी लोकांचा तर्क आहे, आणि मला तो पटतो. पण आठवण करून देणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. खबर वेळेवर पोचवायला नसांना परत शिकवावं लागतं, आणि त्याला उपाय एकच. एका पायावर उभं राहा. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून.

मी लॅपटॉपच्या बॅगेतून तो कागद काढला. त्यावर चहाचा डाग पडला होता. त्या कागदामागे साठ वर्षांचं शास्त्र होतं आणि तो मला फुकट मिळाला होता. पैसे मी पट्टीचे मोजले होते.

फिजिओबाईंना भेटलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टेप मी तुम्हाला पाय टेकवायची भीती जावी म्हणून लावली होती. भीती गेली, व्यायाम राहिला." मी मान खाली घातली. टेपने मला खोटं सांगितलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटणं म्हणजेच बरं होणं असं मी परस्पर ठरवून टाकलं.

*

राहता राहिले बाबा.

गुडघ्याला निळी पट्टी लावून ते आता टेकडीच्या निम्म्यापर्यंत जात होते. मित्र परत भेटायला लागले होते. रात्री झोप लागत होती. आणि मी हाँगकाँगच्या सेन्सरची गोष्ट खिशात घेऊन फिरत होतो. सांगावी तर त्यांचं चालणं बंद पडेल ही भीती. न सांगावी, तर त्यांचंही माझ्यासारखं झालं तर? एकाहत्तराव्या वर्षी पडणं म्हणजे काय, ते आम्ही आत्याच्या वेळी पाहिलंय.

शेवटी एका रविवारी चहाच्या वेळी सांगून टाकलं. सगळं, ब्राझीलसकट. बाबांनी बिस्कीट बुडवलं, खाल्लं, आणि म्हणाले, "मग काढून टाकू म्हणतोस?"

मला उत्तर देता येईना.

"बाबा, तुम्हाला फरक पडतोय ना पण?"

"पडतो की. ती लावली की मी घराबाहेर पडतो. घराबाहेर पडलो की बरं वाटतं. तू ते संशोधन वाचलंस, त्यात असं घराबाहेर पडणं मोजलं होतं का?"

गप्प बसलो. नंतर दोघांनी मिळून फिजिओबाईंना विचारलं. त्यांनी गुडघा तपासला आणि एक अट घातली. "काका, टेप खुशाल लावा. पण लावायच्या आधी रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. दहा झाल्याशिवाय टेकडी नाही." गुडघा झिजलेला असला की मांडीचे स्नायूच त्याचा भार वाहतात, आणि ते पट्टीने वाढत नाहीत, उठाबशांनीच वाढतात.

तेव्हापासून आमच्या घरी सकाळी साडेसहाला एक दृश्य असतं. बाबा जेवणाच्या खुर्चीवरून उठतायत, बसतायत, मोठ्याने आकडे मोजतायत. (आठनंतर एकदम दहा येतो, असा माझा संशय आहे.) आणि शेजारी मी, भिंतीला एक बोट लावून, उजव्या पायावर, डोळे मिटून. परवा पहिल्यांदा तीस सेकंद पूर्ण झाले. तिसरा रोल अजून न उघडलेला कपाटात आहे. तो बाबांना देऊन टाकलाय.

सिंहगड या महिनाअखेरीला. उतरताना हळू.